कुडपणच्या ओटीवरचं मस्कतचं घड्याळ

मी घड्याळ बोलतोय. पोलादपूर तालुक्यात डोंगरावर कुडपण गाव आहे, तिथल्या श्रीपतबाबांच्या ओटीवर आम्ही दोन घड्याळं टांगलेली आहोत. दाराच्या डाव्या अंगाला काच तडकलेलं आहे ते थोरलं, आणि उजव्या अंगाला मी. आमच्या दोघांत दीड तासाचा फरक आहे, आणि त्या दीड तासानं मला अगदी जेरीला आणलंय.

कारण येणारा प्रत्येक माणूस पायरीवर चपला काढता काढता वर बघतो आणि म्हणतो, "हे घड्याळ मागं पडलंय वाटतं." लस द्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, मीटर बघायला आलेला म्हणाला. एक पाहुणा तर स्टुलावर चढून मला पुढं करायलाच निघाला होता. काशीबाईंनी पिठाच्या हातानंच त्याचा शर्ट धरला आणि त्याला खाली उतरवलं. मी मागं पडलेलो नाही. मी मस्कतची वेळ दाखवतो. हे सांगायचाही आता कंटाळा आला आहे, पण एकदा सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. माझ्यासारखी शेकडो भावंडं एका खोक्यात भरली होती, एवढंच आठवतं. पोलादपूरच्या एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानात मी बरेच दिवस लटकलो होतो. पांढरी तबकडी, तपकिरी प्लॅस्टिकची चौकट, पाठीत एक सेल. मंगेशनं मला तिथून घेतलं तेव्हा दुकानदारानं विचारलं, "लग्नात द्यायचंय का?" मंगेश म्हणाला, "नाय, आयेसाठी हाय."

मंगेश म्हणजे श्रीपतबाबांचा आणि काशीबाईंचा मुलगा. तो तेव्हा मस्कतला निघाला होता, इमारतींचे एसी दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. जायच्या आदल्या दिवशी त्यानं भिंतीत खिळा ठोकला, माझ्या पाठीचं चाक फिरवून काटे दीड तास मागं नेले आणि मला टांगलं.

"आये, हे माझं घड्याळ," तो म्हणाला. "तिकडं किती वाजलं ते ह्याच्यात दिसंल. ह्याच्यात आठ वाजल्याबिगर फोन करू नको. मी ड्युटीवर असतो."

"आणि किती लांब हाय ते?" काशीबाईंनी विचारलं.

"पंधराशे-सोळाशे किलोमीटर. पण विमानाला तीन तास बी नाय लागत."

पहिला आकडा काशीबाईंनी सोडून दिला. दुसरा पदराला गाठ मारावी तसा धरून ठेवला. तीन तास! कुडपणहून मुंबईला जायचं तर घाट उतरून पोलादपूर, मग महाड, मग तो हायवे, सगळा दिवस मोडतो. गावातली निम्मी पोरं मुंबईला. त्यांच्यापेक्षा आपला मंगेश जवळ, असा हिशेब त्यांनी तिथल्या तिथं मांडला. शेजारच्या जानकीबाई आल्या की चहाचा कप पुढं सरकवत त्या म्हणायच्या, "तुझी पोरं लांब गो. माझा काय, तीन तासांवर तर हाय."

जानकीबाईही कमी नव्हत्या. "मग बोलाव की दुपारच्या जेवणाला," त्या म्हणायच्या. दोघी हसायच्या. तेव्हा हसू यायचं.

श्रीपतबाबांचं मत वेगळं होतं. मंगेश गेला त्या दिवशीचं तिकीट फोनवर होतं. त्यात मुंबईहून सुटायची वेळ आणि मस्कतला पोचायची वेळ बघितली तर मध्ये जेमतेम दीड तास दिसत होता. परतीच्या विमानाच्या वेळांत मात्र साडेचार तास. बाबांनी थोडा विचार केला आणि ओटीवर बसलेल्या मंडळींना समजावलं, "जाताना उतार हाय. येताना चढ लागतो."

कुणालाही हे खोटं वाटलं नाही. कुडपणच्या माणसाला खाली पोलादपूरला उतरायला किती लागतं आणि सामान घेऊन वर चढायला किती लागतं, हे लहानपणापासून पायांनी कळलेलं असतं. विमान झालं तरी काय, चढाला दमणारच. धाकटी अक्षदा महाडच्या कॉलेजात शिकत होती. तिनं बापाला आम्हा दोघा घड्याळांपुढं उभं केलं आणि सांगितलं, "बाबा, दोन्हीकडं तीनच तास. तिकडची घड्याळं दीड तास मागं असतात, म्हणून तसं दिसतं." बाबांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणाला तरी ते उतार-चढ सांगत होते. आता मी त्यांच्या डोक्यावरच टांगलेलो, सगळ्याचं उत्तर माझ्या तोंडावर लिहिलेलं, पण माझ्याकडं उत्तरासाठी बघतो कोण.

असो. घर माझ्यावर चालायला लागलं. थोरल्या घड्याळावर फक्त एस.टी. आणि शाळेची घंटा राहिली. मी सकाळचे सहा दाखवले की काशीबाई चूल सोडून ओटीवर यायच्या, "उठला आसंल," म्हणायच्या. माझ्यात एक वाजला की "डबा उघडला आसंल." आठ वाजले की फोन पदराखाली धरून देवळामागच्या कातळावर जायच्या, कारण रेंज तिथंच मिळते. वारा असो, धुकं असो. धुक्यात त्या दिसेनाशा व्हायच्या, नुसतं "हॅलो, हॅलो, जेवलास का रे" एवढं ऐकू यायचं.

थोरल्याचा सेल संपून ते बंद पडलं तरी दोन-दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नसे. माझा सेल मात्र संपायच्या आत बदलला जाई. लोक म्हणतील, केवढी माया. मला विचाराल तर त्याला शिक्षा म्हणतात. क्षणभर थांबायची सोय नाही. माझी चाल जरा मंदावली की काशीबाईंचा चेहरा असा व्हायचा की जणू मंगेशलाच ताप आलाय.

मंगेश दोन वर्षांनी यायचा होता. तेव्हा साहेबानं रजा पुढं ढकलली. मग दुसरा एक माणूस काम सोडून गेला, म्हणून पुन्हा ढकलली. तिसरं वर्ष लागलं. गणपतीला जानकीबाईंची पोरं मुंबईहून आली, शिमग्याला आली, एकदा तर उगाच, आंबे उतरवायचे म्हणून आली. आठ-आठ तास खड्डे खात, उभ्यानं, पण आली. काशीबाई ओटीवरून त्यांच्या पिशव्या मोजायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. "तीन तास तर हाय" हे त्या अजूनही म्हणायच्या, पण खालच्या आवाजात. आणि जानकीबाईंनी चिडवणं सोडून दिलं. ते मला चिडवण्यापेक्षा वाईट वाटलं.

मग त्या उन्हाळ्यात अक्षदाचं लग्न ठरलं. मुलगा नाते गावचा, हर्षद नाव, कारखान्यात कामाला आणि बिरवाडीत खोली घेऊन राहणारा. पोर समजूतदार, सगळ्यांना पसंत. अक्षदाची अट एकच होती. होमाच्या वेळी नवरीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावानं, आणि नवऱ्याचा कानही पिळायचा तो भावानंच. "लाह्या मी दादाच्याच हातनं घेणार," ती आईला म्हणाली. "राजेंद्रदादा चांगला हाय, पण चुलत तो चुलत. आये, शब्द दे." काशीबाईंनी शब्द दिला.

मंगेशची रजा मंजूर झाली ती नेमकी एका तारखेपासून, त्याच्या आधी एक दिवसही नाही. त्याच्या जागी येणारा माणूस आदल्या संध्याकाळी येणार होता. आणि त्या तारखेनंतर अधिक महिना लागत होता, मग पावसाळा. म्हणजे लग्न त्याच दिवशी. सकाळी मंगेश मस्कतहून निघणार आणि संध्याकाळी कुडपणला अक्षता पडणार. भटजी म्हणाले, गोरज मुहूर्त धरू, पण मुलगा किती वाजेपर्यंत पोचेल ते सांगा.

त्या बैठकीला दोन्हीकडची मंडळी ओटीवर होती. अक्षदा आत चहा करत होती, नवरीला मुहूर्त कोण विचारतो. काशीबाई उठल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "नऊला विमान सुटतं," त्या बोट फिरवत म्हणाल्या. "तीन तास. धा, अकरा, बारा. बाराला मुंबईत." मग त्यांनी तो बारा उचलला आणि थोरल्या घड्याळात नेऊन ठेवला. "बाराला उतरला, साडेबाराला भायेर, तिथून सहा तास. साडेसहाला दारात."

इथंच चूक झाली. नऊ माझ्यातले होते. माझ्यात बारा वाजतील तेव्हा थोरल्यात दीड वाजलेला असेल. तीन वर्षं रोज दोन्ही घड्याळं सांभाळलेल्या बाईच्या हातून हे व्हावं! पण मला वाटतं ते त्यामुळंच झालं. मुलगा कुठंही गेला तरी माझ्याच वेळेत असतो, अशी त्यांच्या मनानं सवय करून घेतली होती.

श्रीपतबाबा कोपऱ्यातून म्हणाले, "दीड वाजंल गो. येताना चढ हाय."

सगळे हसले. काशीबाई म्हणाल्या, "तुमी गप ऱ्हावा." आणि भटजींनी पावणेसातचा मुहूर्त काढला. फोनवर मंगेशला मुहूर्त कळवला, तो म्हणाला, "हायवे आता चांगला झालाय म्हणतात, येतो बरोबर." तीन वर्षांत त्यानं तो हायवे पाहिलेला नव्हता.

लग्नाच्या दिवशी गावातला चांगू आपली जीप घेऊन पहाटेच विमानतळावर गेला. दारात मांडव, पताका, ओटीवर बायकांची दाटी. काशीबाई कामात होत्या, पण येता-जाता माझ्याकडं नजर होतीच. माझ्यात नऊ वाजले तेव्हा त्या तांदळाचं सूप हातात धरून थांबल्या. "उडालं," एवढंच म्हणाल्या.

थोरल्यात बारा वाजले, फोन आला नाही. साडेबारा, एक. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला. दीड वाजून गेल्यावर कातळावरून राजेंद्र पळत आला. "काकी, उतरला. आत्ता उतरला. अजून बॅग यायचीय."

काशीबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा थोरल्याकडं. मग ओटीच्या खांबाला धरून खाली बसल्या. त्यांना कळलं होतं. बोलून काय होणार होतं, पावणेसातला भरलेल्या मांडवात साऱ्या गावाला दिसणारच होतं.

नाते गावचं वऱ्हाड वेळेवर आलं. थोरल्यात सहा वाजले तेव्हा मंगेश माणगावच्याही अलीकडं पोचला नव्हता. भटजींनी घाई केली. हर्षदचे वडील अरविंदराव सज्जन माणूस, पण त्यांनाही घाट उतरून वऱ्हाड परत न्यायचं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, मुहूर्त चुकवू नका. मुलगा येईल तेव्हा येईल. चुलत भाऊ आहेच की."

अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. पावणेसात म्हणजे पावणेसातच. मग भटजींनी होमाची तयारी केली. राजेंद्र लाह्यांचं सूप घेऊन पुढं आला, कावराबावरा, नवीन शर्टात. भटजी म्हणाले, "हं, ओंजळ करा." अक्षदानं दोन्ही हात मिटून मांडीवर ठेवले होते. ती रडत नव्हती. हात उघडत नव्हती, एवढंच.

"अक्षे, कर गो," कुणी बाई म्हणाली.

"आयेनं शब्द दिलाय," अक्षदा म्हणाली.

आणि काशीबाई तरातरा ओटीवर आल्या, स्टूलही न घेता उंबऱ्यावर चढल्या आणि मला खिळ्यावरून काढलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा उघड्यावर आलो. त्यांनी मला होमापुढच्या पाटावर, भटजींच्या समोर उभं केलं.

"ह्या घड्याळात काय वाजलं ते बघा," त्या म्हणाल्या.

भटजींनी चष्मा वर केला. "पाच वाजून गेलेत. हे मागं पडलंय काकू."

"मागं नाय पडलेलं. ह्ये माझ्या पोराचं हाय. तीन वर्सं ह्या घरात चूल ह्याच्यावर पेटली, दिवा ह्याच्यावर लागला. आज लगीन बी ह्याच्यावरच लागंल. ह्याच्यात मुहूर्ताला अजून येळ हाय."

"अहो काकू, गोरज म्हणजे सूर्य मावळायची वेळ. सूर्य काय तुमच्या घड्याळावर मावळतो?"

"तिकडं अजून नसंल मावळला," काशीबाई म्हणाल्या.

खरं म्हणजे तिकडं ऊन होतं. भटजींनी अरविंदरावांकडं बघितलं. अरविंदराव होमापुढं बसलेल्या सुनेच्या मिटलेल्या हातांकडं बघत होते.

"अक्षता वेळेवर पडल्यात," ते अखेर म्हणाले. "होम थोडा थांबला तर चालत नाही का? तोवर पंगत उठवून घ्या. आम्ही पण भुकेले आहोत."

पंगत बसली. वरण-भात, बटाट्याची भाजी, जिलबी. वाढपी येता-जाता माझ्यात डोकावून जात होते, मांडवातली पोरंठोरं सुद्धा. एवढी माणसं एकदम माझ्याकडं बघतायत आणि कुणीही मला चुकीचं म्हणत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. मला मात्र घाम फुटला होता. घड्याळाचं काम पुढं जाणं, ते मला थांबवता येत नाही. माझ्यात सहा वाजले. साडेसहा. पंगती उठल्या. राजेंद्र कातळावरून सांगत आला की महाड सोडलंय, मग बराच वेळ फोनच लागेना.

माझ्यात पावणेसात वाजले. मंगेश आला नाही.

काशीबाई माझ्याजवळच बसल्या होत्या. भटजींनी एकदा माझ्याकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघितलं. काशीबाईंनी मला उचललं, पाठ वळवली आणि नखानं माझा सेल काढून मुठीत धरला. माझा काटा जिथं होता तिथं राहिला.

"बंद पडलं," त्या म्हणाल्या. "आता ह्याच्यात पावणेसातच ऱ्हातील. माझा पोरगा आल्याबिगर पुढं जायाचं नाय."

कुणी हसलं नाही. जानकीबाई उठल्या आणि त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. मग त्यांची मुंबईची सून, मग आणखी दोघी. श्रीपतबाबा धोतराचा सोगा सावरत रस्त्याच्या वळणावर जाऊन उभे राहिले. हर्षद अक्षदाला काहीतरी हळूच म्हणाला, तिनं मान हलवली.

आणि मी, खरं सांगायचं तर, तेव्हा सुखात होतो. टिकटिक नाही, धावणं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा मला विसावा मिळाला होता. ती बाई मूठ आवळून बसली होती आणि मी मात्र निवांत होतो, याची थोडी लाज वाटते, पण दमलेल्याला विसावा गोड लागायचाच.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, मी बंद होतो. वळणावर दिवे दिसले, जीप मांडवाच्या तोंडाशी आली आणि मंगेश उतरला. बारीक झाला होता, दाढी वाढली होती, अंगात प्रवासाचाच शर्ट. तो आईच्या पाया पडायला वाकला, तर काशीबाई म्हणाल्या, "ते मागनं. आदी हात धू आणि लाह्या घे."

त्यानं हात धुतले. राजेंद्रनं सूप त्याच्याकडं दिलं. अक्षदानं ओंजळ पुढं केली, आणि मग मात्र ती इतकी रडली की निम्म्या लाह्या ओल्या झाल्या. मंगेशनं हर्षदचा कान पिळला तेव्हा अरविंदराव म्हणाले, "जोरात पिळा, फार वाट बघायला लावलीत आम्हाला." सगळा मांडव हसला. काशीबाई हसत नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्या नुसत्या मंगेशच्या हातांकडं बघत होत्या.

मंगेश महिनाभर राहिला. तेवढे दिवस मी पुन्हा खिळ्यावर होतो, पण बंदच, पावणेसातवर. सेल काशीबाईंनी देवघरातल्या डबीत ठेवला होता. घर थोरल्याच्या वेळेवर उठत होतं, जेवत होतं. भिंतीवर टांगून नुसतं सुस्त राहण्यात काय मौज असते ते मला त्या महिन्यात समजलं.

मग जायचा दिवस आला. बॅग ओटीवर, चांगूची जीप दारात. मंगेशनं डबीतून सेल आणून आईपुढं धरला. "आये, घड्याळ लावायचंय."

काशीबाई भिंतीकडं पाठ करून उभ्या राहिल्या. "तूच लाव. माझ्या हातनं तुला लांब नाय लावायचं मला."

"तीन तास तर हाय, आये."

"नको सांगू," त्या म्हणाल्या. "तीन तास इमानाला लागतात. तुला तीन वर्सं लागली."

मंगेशनं स्टूल ओढलं, वर चढला, सेल माझ्या पाठीत बसवला. त्याचं बोट माझ्या चाकावर होतं, पण ते फिरत नव्हतं. खाली चांगूनं एकदा हॉर्न वाजवला. तेव्हा त्यानं माझे काटे फिरवले, थोरल्याच्या दीड तास मागं आणून ठेवले आणि उतरला. काशीबाईंनी वळून बघितलं नाही.

त्याला वर्ष होऊन गेलं. अक्षदा बिरवाडीला नांदते, सुखात आहे. ओटीवर आता दोघंच, आणि भिंतीवर आम्ही दोघं. काशीबाई रोज माझ्यात आठ वाजले की कातळावर जातात. मुलगा किती तासांवर आहे हे आता कुणाला सांगत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, "लांब हाय."

वाचणाऱ्या माणसा, तुझंही घरी कुणी असं वाट बघत असेल, आणि तू स्वतःच दूर असशील, तर किलोमीटर आणि विमानाचे तास घरी सांगत बसू नकोस. कधी येणार तेवढं सांग, आणि ये. माझे काटे थकलेत, चाक सैल झालंय, मला पुन्हा एकदा बंद पडून राहायचं आहे. पण काशीबाई माझा सेल काढणार त्या फक्त मंगेश दारात आल्यावर. म्हणून त्या बाईइतकीच मीही त्याची वाट बघतो, आणि तो येईपर्यंत चालत राहतो.